बेंझाल्डिहाइडने आरसा दिला, पण फेलिंग निळेच राहिले: क्रियात्मक गटांच्या चाचण्या आणि त्यांची संतुलित समीकरणे

तळटीप | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार. माझी भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तिला मिळालेल्या एका अज्ञात द्रवावरून आमच्या घरात गेले दोन दिवस चर्चा चालू आहे. द्रव रंगहीन असून त्याला कडू बदामासारखा वास आहे आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझीनने, म्हणजे आपल्या नेहमीच्या डीएनपीने, लगेच नारिंगी-पिवळा अवक्षेप आला, त्यामुळे कार्बोनिल गटाबद्दल (अल्डिहाइड आणि कीटोन दोन्हींत असणारा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध) शंका उरली नाही. टॉलेन्सच्या अभिकर्मकाने, म्हणजे अल्डिहाइड ओळखणाऱ्या अमोनियायुक्त चांदीच्या द्रावणाने, परीक्षानळीच्या आतून चांदीचा स्वच्छ आरसा धरला. फेलिंगचे द्रावण, म्हणजे अल्डिहाइड असल्यास लाल अवक्षेप देणारे तांब्याचे निळे द्रावण, मात्र उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवूनही निळेच राहिले. त्यात भर म्हणून सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात थेंब टाकल्यावर थोडे बुडबुडेही दिसले, जी खरे तर आम्लाची खूण. तिने आरशापेक्षा फेलिंगवर जास्त विश्वास ठेवला, जर्नलमध्ये ‘कीटोन’ असे लिहिले आणि त्यावर लाल शाईचा शेरा घेऊन ती घरी आली.

माझे दोन प्रश्न आहेत. द्रव बेंझाल्डिहाइड असावा असे मला वाटते, पण तसे असेल तर एका चाचणीने होकार आणि दुसरीने नकार का दिला? दुसरे असे की टॉलेन्स चाचणीचे समीकरण तिच्या जर्नलमध्ये एक, बाजारातल्या मार्गदर्शकात दुसरे आणि मैत्रिणीच्या वहीत तिसरेच आहे. यातले बरोबर कोणते, आणि पाठ न करता ते स्वतः कसे मांडावे?

मोबाईलवर सूत्रांतले खालचे-वरचे अंक विस्कटतात, म्हणून समीकरणे नावांनी लिहिली तरी चालतील. सहगुणक मात्र कृपया द्यावेत.


परीक्षानळी | रविवार, रात्री १०:४२

तळटीप, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे.

वहीत असणारी तीन समीकरणे बहुधा पुढीलप्रमाणे असतील. पहिले:

१ अल्डिहाइड + १ सिल्व्हर ऑक्साइड → १ कार्बॉक्झिलिक आम्ल + २ चांदी

दुसरे:

१ अल्डिहाइड + २ डायअमाइनसिल्व्हर हायड्रॉक्साइड → १ अमोनियम कार्बॉक्झिलेट + २ चांदी + ३ अमोनिया + १ पाणी

तिसरे, आयनिक स्वरूपातले:

१ अल्डिहाइड + २ डायअमाइनसिल्व्हर आयन + ३ हायड्रॉक्साइड आयन → १ कार्बॉक्झिलेट आयन + २ चांदी + ४ अमोनिया + २ पाणी

तिन्ही संतुलित आहेत. पहिल्यात अमोनियाचा पत्ताच नाही. दुसऱ्यात तयार झालेले आम्ल अमोनियाशी जोडून दाखवले आहे, म्हणून तिथे अमोनियाचे तीनच रेणू मोकळे दिसतात. नळीत प्रत्यक्षात काय असते हे तिसरे सर्वांत प्रामाणिकपणे सांगते, कारण द्रावण अल्कलीयुक्त असताना आम्ल हे आम्ल म्हणून राहत नाही, त्याचा कार्बॉक्झिलेट आयन होतो. माझे मत विचाराल तर जर्नलमध्ये तिसरेच लिहावे.

ते पाठ करण्याची गरज नाही. ऑक्सिडीकरण आणि क्षपण अशा दोन अर्धअभिक्रिया वेगळ्या मांडाव्यात. अल्डिहाइडची अर्धी बाजू अल्कलीयुक्त माध्यमात नेहमी एकच असते:

१ अल्डिहाइड + ३ हायड्रॉक्साइड → १ कार्बॉक्झिलेट + २ पाणी + २ इलेक्ट्रॉन

तीन हायड्रॉक्साइडांचा हिशेब असा. अल्डिहाइडचे आम्ल होताना एक ऑक्सिजन वाढतो आणि दोन इलेक्ट्रॉन जातात, त्यासाठी दोन हायड्रॉक्साइड लागतात आणि पाण्याचा एक रेणू सुटतो. तयार झालेल्या आम्लाचे उदासिनीकरण करायला तिसरा हायड्रॉक्साइड लागतो आणि पाण्याचा दुसरा रेणू सुटतो. चांदीची बाजू तर सरळच आहे:

१ डायअमाइनसिल्व्हर + १ इलेक्ट्रॉन → १ चांदी + २ अमोनिया

ही दोनने गुणून पहिलीत मिळवली की वरचे आयनिक समीकरण तयार होते. डावीकडचा एकूण प्रभार अधिक दोन उणे तीन, म्हणजे उणे एक. उजवीकडे कार्बॉक्झिलेटचा उणे एक. अणू मोजून झाले तरी प्रभार मोजल्याशिवाय पेन खाली ठेवू नये, असे तुमच्या भाचीला जरूर सांगा.

आता फेलिंग. तिथे तांब्याची बाजू अशी आहे:

२ क्युप्रिक आयन + २ हायड्रॉक्साइड + २ इलेक्ट्रॉन → १ क्युप्रस ऑक्साइड + १ पाणी

अल्डिहाइडची तीच जुनी अर्धी बाजू यात मिळवली की:

१ अल्डिहाइड + २ क्युप्रिक आयन + ५ हायड्रॉक्साइड → १ कार्बॉक्झिलेट + १ क्युप्रस ऑक्साइड + ३ पाणी

टॉलेन्समध्ये तीन आणि फेलिंगमध्ये पाच हायड्रॉक्साइड का, हे दर वर्षी तोंडी परीक्षेत विचारले जाते आणि बहुतेक जण गप्प बसतात. चांदी धातू म्हणून खाली बसते, तिला ऑक्सिजन नको असतो. तांबे ऑक्साइड होऊन बसते, त्या ऑक्साइडातला ऑक्सिजन जास्तीच्या दोन हायड्रॉक्साइडांतून येतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. टार्ट्रेट समीकरणात दिसत नाही, पण ते नसेल तर इतक्या अल्कलीत तांब्याचा निळा हायड्रॉक्साइड आधीच खाली बसेल. टार्ट्रेट असूनही मिसळलेले द्रावण फार काळ टिकत नाही, म्हणून फेलिंग ‘अ’ (तांब्याचे द्रावण) आणि ‘ब’ (अल्कली व टार्ट्रेट) वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवून ऐनवेळी समप्रमाणात मिसळतात.


परीक्षानळी | रविवार, रात्री ११:०५

पहिला प्रश्न राहिलाच होता. तुमचा अंदाज मला बरोबर वाटतो. बेंझाल्डिहाइड आणि एकूणच साधे ॲरोमॅटिक अल्डिहाइड टॉलेन्सला उत्तर देतात आणि फेलिंगला देत नाहीत. त्यामुळे हा विसंगत निकाल नसून ती ओळखीची खूणच आहे. कीटोन असता तर आरसा धरला नसता.

कारण म्हणून पुस्तकांत ‘अल्फा-हायड्रोजन नाही’, म्हणजे कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन नाही, असे सांगतात. ते अर्धवट आहे. फॉर्माल्डिहाइडलाही अल्फा-हायड्रोजन नाही, तरी तो फेलिंगला ठसठशीत लाल अवक्षेप देतो. बेंझीन वलयाशी संयुग्मित झाल्यामुळे कार्बोनिल कार्बन कमी क्रियाशील होतो, आणि टार्ट्रेटने धरून ठेवलेला तांब्याचा आयन चांदीच्या मानाने सौम्य ऑक्सिडीकारक आहे, या दोन्ही गोष्टी मिळून हा परिणाम घडतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. शिवाय अल्फा-हायड्रोजन नसलेल्या अल्डिहाइडला तीव्र अल्कलीत आणखी एक वाट मोकळी असते. कॅनिझारोने १८५३ मध्ये बेंझाल्डिहाइडवरच ती दाखवली होती:

२ बेंझाल्डिहाइड + १ सोडियम हायड्रॉक्साइड → १ बेंझिल अल्कोहोल + १ सोडियम बेंझोएट

इथे एका रेणूचे ऑक्सिडीकरण आणि दुसऱ्याचे क्षपण होते, म्हणजे बाहेरच्या ऑक्सिडीकारकाची गरजच पडत नाही. फेलिंगच्या दहा मिनिटांत ही अभिक्रिया फार पुढे जाते असे मी म्हणणार नाही, पण ‘अल्कलीत अल्डिहाइड नुसता वाट पाहत बसतो’ हे चित्र खरे नाही.


पांढरा_कोट | सोमवार, सकाळी ७:३०

बायकार्बोनेटच्या बुडबुड्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. बेंझाल्डिहाइडची बाटली अनेकदा उघडली गेली असेल तर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे बेंझोइक आम्ल होत जाते:

२ बेंझाल्डिहाइड + १ ऑक्सिजन → २ बेंझोइक आम्ल

जुन्या बाटलीच्या बुचाभोवती जमलेले पांढरे स्फटिक म्हणजे हेच आम्ल. महाविद्यालयांत अज्ञात पदार्थ एका मोठ्या बाटलीतून वर्षानुवर्षे काढून दिले जातात, त्यामुळे तुमच्या भाचीला मिळालेला नमुना थोडा आम्लयुक्त असण्याची शक्यता दाट आहे. मग बायकार्बोनेटबरोबर पुढील अभिक्रिया होणारच:

१ बेंझोइक आम्ल + १ सोडियम बायकार्बोनेट → १ सोडियम बेंझोएट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

मुख्य घटक आम्ल असेल तर फसफसून वायू येतो. ‘थोडे बुडबुडे’ आले तर अशुद्धीचा संशय घ्यावा आणि द्रव बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुऊन, वेगळा करून पुन्हा तपासावा.

याच चाचणीबद्दल आणखी एक सावधगिरी. बायकार्बोनेटने वायू आला म्हणजे कार्बॉक्झिलिक आम्लच, असे मानू नये. फिनॉल फसफसत नाही कारण त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा अंक, जितका लहान तितके आम्ल तीव्र) सुमारे १० आहे आणि कार्बोनिक आम्लाचा ६.४ च्या आसपास, परंतु पिक्रिक आम्ल हे रचनेने फिनॉल असूनही तीन नायट्रो गटांमुळे इतके तीव्र असते की ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर काढते.


मुळाक्षर | सोमवार, दुपारी १:१५

मी बारावीला शिकवते, म्हणून विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न इथे मांडते. फ्रुक्टोज कीटोन आहे, तरी तो टॉलेन्स आणि फेलिंग दोन्हींना होकार देतो. ‘अल्कलीत त्याचे ग्लुकोज होते’ असे आम्ही सांगतो आणि पुढे जातो. हे उत्तर पुरेसे आहे का?


परीक्षानळी | सोमवार, रात्री ९:२०

मुळाक्षर, उत्तर चुकीचे नाही, पण ते खऱ्या कारणाला बगल देते. फ्रुक्टोज हा अल्फा-हायड्रॉक्सी कीटोन आहे. कार्बोनिलच्या शेजारच्याच कार्बनवर हायड्रॉक्सिल असल्याने अल्कलीत त्याचा एनडायॉल (दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांवर हायड्रॉक्सिल असलेले रूप) होतो. या एनडायॉलमधून ग्लुकोज आणि मॅनोजही तयार होतात हे खरे, परंतु एनडायॉल स्वतःच इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो, त्याला ग्लुकोज होईपर्यंत थांबावे लागत नाही. पुरावा म्हणून साखर बाजूला ठेवून बेंझोइन घ्या. त्यापासून अल्डिहाइड होण्याचा प्रश्नच येत नाही, तरी ते फेलिंगला लाल करते आणि स्वतः बेंझिल होते:

१ बेंझोइन + २ क्युप्रिक आयन + ४ हायड्रॉक्साइड → १ बेंझिल + १ क्युप्रस ऑक्साइड + ३ पाणी

इथे हायड्रॉक्साइड चार आहेत, अल्डिहाइडच्या समीकरणात पाच होते. जो एक कमी झाला तो आम्लाच्या उदासिनीकरणाचा. बेंझोइनपासून आम्ल तयारच होत नाही, डायकीटोन होतो, म्हणून तो लागत नाही. विद्यार्थ्यांना हे दोन सहगुणक शेजारी ठेवून दाखवा.

(बेंझिल हे संयुग आणि बेंझिल अल्कोहोलमधला बेंझिल गट यांची मराठीत लिहिताना गल्लत होते. इथे दोन कार्बोनिल असलेले पिवळे घनरूप संयुग अभिप्रेत आहे.)


पांढरा_कोट | सोमवार, रात्री १०:०५

टॉलेन्सची चर्चा इतकी झाली आहे तर सुरक्षिततेचे सांगितलेच पाहिजे. मी औषधनिर्मितीतल्या गुणवत्ता-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. शिकत असताना आमच्या महाविद्यालयात कोणीतरी टॉलेन्सचे द्रावण ‘उद्याच्या बॅचसाठी’ बाटलीत भरून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बुचाजवळ काळा थर दिसला, आणि आमच्या प्रयोगशाळा-सहायकांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढले. तो थर सिल्व्हर नायट्राइडचा असू शकतो आणि नुसत्या धक्क्याने त्याचा स्फोट होतो. टॉलेन्स लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच बनवावे, थेट ज्योतीवर तापवू नये आणि काम होताच विरल नायट्रिक आम्ल घालून नष्ट करावे. आरसा धरलेली नळीही त्याच आम्लाने धुवावी.

आमच्याकडे आता कच्चा माल ओळखायला इन्फ्रारेड वर्णपट घेतात, पण म्हणून जुन्या चाचण्या संपल्या असे नाही. औषधसंहितांत आजही सॅलिसिलेटसाठी फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग आणि प्राथमिक ॲरोमॅटिक अमीनसाठी २-नॅफ्थॉलचा नारिंगी-लाल रंग यांना जागा आहे. फेरिक क्लोराइडचे नेहमी दिले जाणारे समीकरण असे:

६ फिनॉल + १ फेरिक क्लोराइड → १ हेक्झाफिनॉक्सोफेरेट आयन (प्रभार उणे तीन) + ३ हायड्रोजन आयन + ३ हायड्रोजन क्लोराइड

हे संतुलित आहे, परंतु मी त्याला अक्षरशः खरे मानत नाही. नळीतल्या विरल द्रावणात लोहाभोवती सहाच्या सहा जागा फिनॉलने भरलेल्या असतील असे नाही, पाण्याचे रेणूही तिथे असतात. अणू जुळले म्हणजे रचना सिद्ध झाली असे होत नाही. सेरिक अमोनियम नायट्रेटने अल्कोहोल लाल होते, त्या समीकरणातही काही पुस्तके अल्कोहोलचे दोन रेणू लावतात, काही तीन, आणि दोन्ही समीकरणे संतुलितच असतात.


निळासावळा | मंगळवार, सकाळी ८:५०

मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी आहे. आयोडोफॉर्म चाचणीत ॲसिटोनला तीन आयोडीन लागतात आणि इथेनॉलला चार. मी आजवर दोन्ही पाठ केली आहेत, पण परीक्षानळी यांची पद्धत वाचल्यावर वाटते की इथेही काहीतरी कारण असणार.


परीक्षानळी | मंगळवार, रात्री ९:४०

आहेच. ॲसिटोनमध्ये कार्बोनिलला लागून असलेला मिथिल गट तयारच आहे:

१ ॲसिटोन + ३ आयोडीन + ४ सोडियम हायड्रॉक्साइड → १ आयोडोफॉर्म + १ सोडियम ॲसिटेट + ३ सोडियम आयोडाइड + ३ पाणी

इथेनॉलमध्ये तो आधी तयार करावा लागतो. चौथा आयोडीन ऑक्सिडीकारक म्हणून खर्च होतो:

१ इथेनॉल + १ आयोडीन + २ सोडियम हायड्रॉक्साइड → १ ॲसिटाल्डिहाइड + २ सोडियम आयोडाइड + २ पाणी

१ ॲसिटाल्डिहाइड + ३ आयोडीन + ४ सोडियम हायड्रॉक्साइड → १ आयोडोफॉर्म + १ सोडियम फॉर्मेट + ३ सोडियम आयोडाइड + ३ पाणी

दोन्हींची बेरीज केली की चार आयोडीन, सहा सोडियम हायड्रॉक्साइड, पाच सोडियम आयोडाइड आणि पाच पाणी मिळते. मिथेनॉलपासून मिळणाऱ्या फॉर्माल्डिहाइडला मिथिल गटच नसल्याने पहिली पायरी चढूनही पुढे काही होत नाही, आणि म्हणून मिथेनॉल व इथेनॉल वेगळे ओळखायला ही चाचणी उपयोगी पडते. पिवळे स्फटिक दिसण्याआधी वास येतो. जखमेवर आयोडोफॉर्मची पट्टी बांधलेली ज्यांना आठवते, त्यांना तो वास वेगळा सांगावा लागणार नाही.


मुळाक्षर | मंगळवार, रात्री १०:३०

वासावरून आठवले. प्राथमिक अमीनची कार्बिलअमीन चाचणी आम्ही आता वर्गात करत नाही, फक्त समीकरण शिकवतो:

१ प्राथमिक अमीन + १ क्लोरोफॉर्म + ३ पोटॅशियम हायड्रॉक्साइड → १ आयसोसायनाइड + ३ पोटॅशियम क्लोराइड + ३ पाणी

तिचा वास दोन तास खोलीत राहतो, पदार्थ विषारी आहे, आणि वास घेऊन निष्कर्ष काढायला मुलांना सांगणे मला पटत नाही. त्याऐवजी ॲनिलीनसाठी बर्फात ० ते ५ अंश सेल्सिअसला डायझोटीकरण करून २-नॅफ्थॉलचा रंग दाखवते:

१ ॲनिलीन + १ सोडियम नायट्राइट + १ हायड्रोक्लोरिक आम्ल → १ बेंझीन डायझोनियम क्लोराइड + १ सोडियम क्लोराइड + २ पाणी

१ बेंझीन डायझोनियम क्लोराइड + १ २-नॅफ्थॉल + १ सोडियम हायड्रॉक्साइड → १ नारिंगी-लाल ॲझो रंजक + १ सोडियम क्लोराइड + १ पाणी


निळासावळा | मंगळवार, रात्री ११:१५

मॅडम, क्षमा असावी, पण पहिल्या समीकरणात उजवीकडे क्लोरीन दोन आहेत, एक डायझोनियम क्लोराइडमध्ये आणि एक सोडियम क्लोराइडमध्ये, तर डावीकडे एकच आहे. हायड्रोजनही डावीकडे आठ आणि उजवीकडे नऊ भरतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू हवेत ना?


मुळाक्षर | बुधवार, सकाळी ६:५५

अगदी बरोबर. दोनच हवेत, लिहिताना चुकले. वरचे समीकरण तसेच ठेवते आहे, म्हणजे तुमची दुरुस्ती वाचणाऱ्याला कळेल. प्रत्यक्ष प्रयोगात मात्र दोनपेक्षाही जास्त, साधारण अडीच ते तीन पट आम्ल घ्यावे, कारण आम्ल कमी पडले तर तयार झालेला डायझोनियम आयन शिल्लक ॲनिलीनशीच जोडला जातो आणि नॅफ्थॉल घालण्याआधीच द्रावण पिवळे पडते.


तळटीप | शनिवार, सायंकाळी ६:२०

सर्वांचे आभार. पांढरा_कोट यांनी सांगितल्याप्रमाणे भाचीने द्रव बायकार्बोनेटच्या द्रावणाने धुतला. त्यानंतर ताज्या बायकार्बोनेटमध्ये बुडबुडे आले नाहीत, टॉलेन्सचा आरसा मात्र पूर्वीसारखाच आला. मग तिच्या सरांच्या परवानगीने तिने त्याचे अल्कलीयुक्त परमँगनेटने ऑक्सिडीकरण केले. गरम असतानाच तपकिरी मँगनीज डायऑक्साइड गाळून काढला, गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तेव्हा पांढरा अवक्षेप आला. गरम पाण्यातून त्याचे पुन्हा स्फटिकीकरण केल्यावर द्रवणांक १२१ ते १२२ अंश सेल्सिअस मिळाला. बेंझोइक आम्लाचा १२२ आहे.

समीकरण तिने अर्धअभिक्रियांवरून स्वतः मांडले आहे. अल्डिहाइडची बाजू तिने तीनने गुणली आणि परमँगनेटची दोनने:

३ बेंझाल्डिहाइड + २ पोटॅशियम परमँगनेट + १ पोटॅशियम हायड्रॉक्साइड → ३ पोटॅशियम बेंझोएट + २ मँगनीज डायऑक्साइड + २ पाणी

ऑक्सिजन दोन्हीकडे बारा आणि पोटॅशियम दोन्हीकडे तीन भरतात, हे मीही मोजून पाहिले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एकच रेणू कसा, असे सरांनी विचारले. परमँगनेटच्या क्षपणातून अल्कली तयार होते आणि आम्लाच्या उदासिनीकरणाला ती जवळजवळ पुरते, फक्त एक कमी पडते, असे तिने सांगितले. जर्नलमधला ‘कीटोन’ हा शब्द तिने खोडलेला नाही. त्याच्या शेजारी तारीख घालून नवा निष्कर्ष लिहिला आहे.